पावडर की ऑल-माउंटन: स्कीच्या भात्यात आधी कोणती जोडी?

परभणीत माझ्या खोलीच्या कोपऱ्यात स्कीच्या दोन जोड्या उभ्या असतात. येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या सारख्याच दिसतात. लांबलचक, पुढून वळलेल्या, वरून रंगीत. परवा उदगीरहून भाचा आला. गुलमर्गला स्कीइंगचा कोर्स करून आलाय, आता त्याला स्वतःची जोडी घ्यायचीय. म्हणाला, "मामा, दोन्ही बर्फावरच चालतात ना? मग दोन कशाला?" मी त्याच्या हातात टेप दिला आणि बूट बसतो तिथली रुंदी मोजायला सांगितली. एक भरली ९८ मिलिमीटर, ती ऑल-माउंटन, म्हणजे सगळ्या तऱ्हेच्या बर्फासाठीची. दुसरी ११६, ती पावडर, म्हणजे ताज्या भुसभुशीत बर्फासाठीची. सगळं भांडण त्या १८ मिलिमीटरचं आहे.

स्कीवर तीन आकडे छापलेले असतात, उदाहरणार्थ १३२-९८-१२०. पहिला टोकाचा, मधला कमरेचा, म्हणजे बूट बसतो तिथला, शेवटचा शेपटीचा. दुकानात गेलं की सगळे लांबीचं बोलतात, पण आधी बघायचा तो मधला आकडा. ऑल-माउंटनची कंबर साधारण ८५ ते १०५ मिलिमीटर असते. ११०च्या आसपास पावडर सुरू होते आणि १२०च्याही पुढं जाते. हद्दीचा दगड कुणी रोवलेला नाही, कंपनीगणिक थोडं मागंपुढं होतं.

रुंदीनं काय होतं, हे आपल्याकडच्या माणसाला चटकन कळतं. पावसाळ्यात काळ्या रानातून लोखंडी धावेची गाडी काढून बघा. अरुंद चाक चिखलात रुतत जातं आणि बैल माना टाकतात. त्याच रानातून टायरची गाडी तेवढंच ओझं घेऊन निघते, कारण वजन जास्त जागेवर पसरतं. ताजा भुसभुशीत बर्फ तर चिखलापेक्षाही पोकळ असतो. पाण्याच्या एका घनमीटरचं वजन हजार किलो, आणि अशा नव्या बर्फाचं, म्हणजे पावडरचं, बऱ्याचदा ५० ते १०० किलोच. म्हणजे त्यात बर्फापेक्षा हवाच जास्त. लांबी गुणिले सरासरी रुंदी असा ढोबळ हिशेब केला, तर माझी १७८ सेंटिमीटरची ऑल-माउंटन एका पायाखाली सुमारे १,९५० चौरस सेंटिमीटर जागा देते आणि १८६ची पावडर सुमारे २,३५०. पाचव्या हिश्शानं जास्त. गुडघाभर बर्फात टोक वर राहतं की खाली बुडी मारतं, हे बऱ्याच अंशी त्या पाचव्या हिश्शावर ठरतं.

रुंदीपेक्षा मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो आकार, आणि तो टेपनं मोजता येत नाही. भाच्याला मी ऑल-माउंटनच्या दोन्ही स्की तळाला तळ लावून धरायला सांगितल्या. टोकाजवळ आणि शेपटीजवळ त्या एकमेकींना चिकटल्या, मधे मात्र धनुष्यासारखी फट राहिली, पलीकडचा उजेड दिसेल एवढी. हा कॅम्बर. वर माणूस उभा राहिला की ती कमान दबते आणि कडा लांबवर बर्फात रुततात. मग पावडरची जोडी तशीच धरली. ती मधे चिकटली, पण दोन्ही टोकं केळीच्या पानासारखी एकमेकींपासून लांब उघडली. हा रॉकर. टोक आधीच वर उचललेलं असल्यामुळं खोल बर्फात ते आपसूक वर येतं. आजकाल ऑल-माउंटनलाही टोकाकडं थोडा रॉकर देतात, पण पायाखालचा कॅम्बर सोडत नाहीत.

रॉकर आज सगळीकडं दिसतो, पण एके काळी तो वेडेपणा वाटत होता. शेन मॅकॉन्की या स्कीपटूनं पाण्यावरच्या स्कीचा आकार बर्फावर आणला आणि २००२च्या सुमारास व्होलांट कंपनीची 'स्पॅट्युला' निघाली. मधे रुंद, टोकांकडं निमुळती, दोन्ही टोकं वर उचललेली. तोवरच्या स्कीच्या अगदी उलट. खोल बर्फात माणूस घसरत कमी आणि तरंगत जास्त जातो, हे त्यानं ओळखलं होतं.

आता घट्ट बर्फाकडं येऊ. तिथं वळण तळानं घेत नाहीत, पोलादी कडेनं घेतात. कंबर अरुंद असली की कड पायाच्या जवळपास खाली येते. ११६वर ती बुटाच्या बाहेर जाते. मग दर वळणाला पायाला ती अख्खी फळी तिरकी करून कडेवर आणावी लागते, आणि त्याचा पीळ गुडघ्यावर येतो. मी हे सोसलंय. एका वर्षी भाड्याच्या दुकानात माझ्या मापाची ऑल-माउंटन शिल्लक नव्हती, म्हणून ११२ची जोडी पुढं केली. "ही सगळीकडं चालते," असंही सांगितलं. आठवडाभर नवा बर्फ पडला नव्हता, रात्रीच्या गारठ्यानं वाटा काचेसारख्या झाल्या होत्या. दुपारपर्यंत गुडघ्याच्या आतल्या बाजूला ठणका लागला आणि पुढचे दोन दिवस मी खोलीत काढले. वर्षातून एकदा, दहा दिवसांसाठी एवढ्या लांब गेलेल्या माणसाचे दोन दिवस! त्या सांगण्याचा राग मला अजून येतो.

दोन्हींवर उभं राहण्याची रीतही वेगळी. यंत्रानं दाबलेल्या उतारावर वळताना भार बाहेरच्या पायावर टाकायला शिकवतात, आणि ते बरोबरच आहे. तीच सवय पावडरमध्ये नेली की भाराचा पाय खोल जातो, दुसरा वर राहतो आणि माणूस आडवा होतो. तिथं दोन्ही पायांवर जवळपास सारखा भार ठेवून, दोन्ही स्की मिळून एकच पाट आहे असं समजून चालावं लागतं. पावडर स्की ही उस्तादांचीच, नवख्यानं हात लावू नये, असं बरेच जण सांगतात. मला ते पटत नाही. खोल बर्फात रुंद स्की नवख्याला जास्त सांभाळून घेते. मात्र नवख्यानं रोजचा सराव तिच्यावर करू नये. घट्ट बर्फावर कड धरायची सवयच लागत नाही, आणि ती सवय नसेल तर पुढचं सगळं कच्चं राहतं.

शेताला जसा वाफसा असतो तसा पावडरलाही असतो. बर्फ पडून आभाळ उघडलं की ऊन आणि वारा लागायच्या आत जो पोचला, त्यालाच ती सापडते. ऊन लागलं की वरचा थर ओलसर होतो, रात्री गोठतो आणि सकाळी पापुद्रा धरतो. वाऱ्यानं तोच बर्फ दाबून टणक होतो. काश्मीरात २१ डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांना चिल्ला-ए-कलां म्हणतात, थंडीचा कडाका तेव्हाचा. पण जानेवारी-फेब्रुवारीत गेलात म्हणून तुमच्या दहा दिवसांत मोठा हिमपात होईलच असं नाही.

जागाही बघायला हवी. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे. गोंडोलाचा, म्हणजे तिथल्या रोपवेचा, पहिला टप्पा कोंगडोरीला सोडतो, दुसरा अफरवट शिखराच्या खांद्यावर, जवळपास ३,९५० मीटरवर. खालच्या भागात दाबलेल्या वाटा मिळतात, तिथं ऑल-माउंटन. वरचे उतार बहुतेक जसेच्या तसे असतात, आणि नव्या बर्फात तिथं पावडर स्कीला तोड नाही. तिथं हिमस्खलनाचा धोका खरा आहे. अंगावर गाडला गेलेला माणूस शोधून देणारा बीकन, पाठीवर फावडं आणि बर्फात खुपसून शोधायची काठी म्हणजे प्रोब, सोबत जाणकार माणूस, आणि गस्तीपथकानं उतार उघडलेला, एवढं असल्याशिवाय वर जाऊ नका, स्की कितीही रुंद असो. उत्तराखंडातल्या औलीला जाणार असाल तर पावडर घरीच ठेवा.

म्हणून भाच्याला मी सांगितलं, पहिली जोडी ऑल-माउंटनच घे, ९५ ते १००ची, पायाखाली कॅम्बर असलेली. चार इंच नव्या बर्फात ती निभावते आणि उरलेल्या सगळ्या दिवसांत कामाला येते. दुसरी घ्यायची वेळ आली की मग ११२च्या पुढची घे. १०६ची घेऊ नकोस. ती एकटीच ठेवायची तर ठीक, पण ९८च्या शेजारी ती जवळजवळ तेच काम करते. शेतात दोन वखर ठेवून तिफण होत नाही. बूट दोन्हींना एकच चालतात, बूट स्कीला अडकवणारी बाइंडिंग मात्र दोन लागतात, आणि बूट सुटला की स्कीला थांबवणारा त्यांचा ब्रेक कमरेपेक्षा किंचित रुंद हवा. ११६च्या स्कीवर १००चा ब्रेक बसवायला गेलं तर तो खाली उतरतच नाही.

नेण्या-आणण्याचंही बघावं लागतं. विमानात बहुतेक साध्या तिकिटांवर १५ किलोच सामान नेता येतं, आणि बाइंडिंगसकट एकेक जोडी पाच-सहा किलोची. मी परभणीहून सचखंड एक्सप्रेसनं अमृतसर गाठतो, तिथून जम्मू. २०२५पासून कटऱ्याहून श्रीनगरपर्यंतही रेल्वे झालीय. १७८ची जोडी वाकळेत गुंडाळून खालच्या बर्थखाली बरोबर बसते. १८६ची चार बोटं बाहेर येते आणि रात्रभर लोकांच्या पायांत येते.

भाचा माझी ९८ची जोडी यंदापुरती घेऊन गेलाय. ११६ची तो गुलमर्गात तीन दिवस भाड्यानं वापरणार आहे, तेही नवा बर्फ पडला तरच.