‘का’ न जोडता विचारलेला प्रश्न

मराठीत हो-नाहीचा प्रश्न विचारायचा तर आपण काहीतरी जोडतो. ‘मी जाईन’ हे विधान; त्याला ‘का’ लावलं की झाला प्रश्न. इतर भाषांतही साधारण हेच चालतं. कुठे एखादं अव्यय येतं, कुठे क्रियापदाला जादा प्रत्यय लागतो, तर कुठे नुसता सूर बदलला तरी भागतं. दक्षिण इथिओपियातली झायसे भाषा मात्र प्रश्न विचारताना शब्दातला एक तुकडा काढून टाकते.

‘हमात्तेतेन’ म्हणजे ‘मी जाईन’. ‘हमा’ म्हणजे जाणं, आणि शेवटचं ‘तेन’ सांगतं की जाणारा मी आहे. आता मधलं ‘त्ते’ गाळा. उरतं ‘हमातेन’, म्हणजे ‘मी जाईन का?’

मला हे फार विलक्षण वाटतं. विधान हे मूळ आणि प्रश्न ही त्यावरची भर, असं आपण धरूनच चालतो. इथे भर पडते ती विधानाला! ‘त्ते’ हा जणू ठामपणाचा शिक्का. तो नसला की वाक्य उघडं राहतं.

भाषाशास्त्रज्ञ रिचर्ड हेवर्ड यांनी झायसेवरच्या १९९० च्या लेखनात ही उदाहरणं नोंदवली. पुढे भाषाशास्त्रज्ञ मॅथ्यू ड्रायर यांनी ९५५ भाषांतले प्रश्न तपासले, तेव्हा अशी रीत फक्त चार भाषांत सापडली.

झायसे लोक अर्बा मिंच शहराच्या दक्षिणेला, चामो सरोवराच्या पश्चिमेकडच्या भागात राहतात. झायसे आणि तिची जुळी बोली झेर्गुल्ला मिळून १९९० च्या दशकातल्या गणनेत सुमारे १८ हजार भाषक होते. ही भाषा ओमो नदीवरून नाव पडलेल्या ओमोटिक गटातली. शेजारची गामो तिच्याच नात्यातली, पण कितीतरी मोठी.

१९९५ च्या राज्यघटनेने इथिओपियातल्या सर्व भाषांना समान मान्यता दिली, तरी संघराज्याच्या कारभाराची भाषा अम्हारिकच राहिली. झायसे माणसाला सरकारी कामासाठी ती शिकावी लागते. आणि अम्हारिकमध्ये हो-नाहीच्या प्रश्नासाठी वाक्याच्या शेवटी ‘वय्’ जोडता येतं, अगदी आपल्या ‘का’सारखं.