सागरी व्हीएचएफ हातसंच

सागरी व्हीएचएफ हातसंच : दोन नौकांमध्ये किंवा नौका व किनारा यांच्यामध्ये आवाजी संपर्क साधण्यासाठी वापरला जाणारा, हातात मावणारा व स्वतःच्या बॅटरीवर चालणारा बिनतारी संच. आंतरराष्ट्रीय कराराने सागरी वाहतुकीसाठी राखून ठेवलेल्या १५६ ते १६२ मेगॅहर्ट्‌झच्या व्हीएचएफ (व्हेरी हाय फ्रीक्वेन्सी, म्हणजे अति उच्च कंप्रता) पट्ट्यात तो चालतो. त्याची प्रेषणशक्ती बहुधा ५ किंवा ६ वॉट असते आणि ती १ वॉटपर्यंत उतरवण्याची सोय असते; नौकेत कायम बसवलेल्या संचाची शक्ती २५ वॉट असते. लहान होड्या, कयाक, पडाव व जीवनतराफे यांवर तो मुख्य संच म्हणून आणि मोठ्या जहाजांवर डेकवरील कामासाठी किंवा मुख्य संच बंद पडल्यास पर्याय म्हणून वापरला जातो.

मोबाइल फोन जवळ असताना हा संच कशाला, असा प्रश्न नवख्यांना पडतो. फोनवरचे बोलणे दोघांपुरते राहते. व्हीएचएफवर उच्चारलेला शब्द त्या चॅनेलवर कान लावून असलेल्या टप्प्यातील प्रत्येक नौकेला एकाच वेळी ऐकू जातो. बुडणाऱ्या माणसापासून अर्ध्या मैलावर असलेल्या मासेमारी होडीचा फोन नंबर त्याच्यापाशी नसतो, पण तिच्या केबिनमधला संच चालू असतो. शिवाय बचाव पथकाची बोट किंवा हेलिकॉप्टर दिशाशोधकाच्या मदतीने बोलणाऱ्या संचाकडे थेट येऊ शकते. ही सामायिकता हाच या साधनाचा खरा गुण होय, आणि ते चालवण्याचे जवळजवळ सगळे नियमही तिच्यातूनच निघाले आहेत : सर्वांच्या कानांवर जाणारी वाट एकाने अडवून धरली की ती सर्वांसाठीच बंद होते.

टप्पा : संच विकत घेताना वॉटचा आकडा पाहिला जातो, पण टप्पा मुख्यतः अँटेनाच्या उंचीवर ठरतो. व्हीएचएफ लहरी सरळ रेषेत जातात व पृथ्वीच्या वक्रतेपलीकडे फारशा पोचत नाहीत. वातावरणात त्या किंचित वाकत असल्याने त्यांचे क्षितिज डोळ्यांना दिसणाऱ्या क्षितिजापेक्षा थोडे पुढे असते, इतकेच. अँटेनाच्या मीटरमधील उंचीच्या वर्गमुळाला सुमारे ४.१ ने गुणले की हे अंतर किलोमीटरमध्ये मिळते. होडीत उभ्या असलेल्या माणसाच्या हातातील अँटेना पाण्यापासून २ मीटर उंच धरली, तर तिचे क्षितिज ६ किलोमीटरच्या आत येते. अशाच दोन होड्यांमधील संपर्क हिशेबाने १२ किलोमीटरच्या, म्हणजे सुमारे ६ सागरी मैलांच्या आसपास संपतो, आणि लाटा, शरीराचा आडोसा व लहान अँटेना यांमुळे प्रत्यक्षात तो त्याहून कमीच भरतो. समोरच्या किनारी केंद्राची अँटेना १०० मीटर उंचीवर असेल, तर त्याच हातसंचाचा टप्पा हिशेबाने ४७ किलोमीटरपर्यंत जातो. उलट, पाण्यात पडलेल्या माणसाची अँटेना जेमतेम ३० सेंटिमीटर वर राहते, तेव्हा तिचे स्वतःचे क्षितिज अडीच किलोमीटरही नसते.

या गणितावरून वागणुकीचे धडे आपोआप मिळतात. उत्तर येत नसेल तर उभे राहावे आणि झेपेल तितक्या उंच जागी जावे. अँटेना मात्र उभीच ठेवावी, कारण जहाजांच्या व किनाऱ्यावरच्या अँटेना उभ्या असतात आणि आडव्या धरलेल्या अँटेनाचा संदेश त्यांना क्षीण मिळतो. कमरेला लावलेला संच तिथूनच वापरला तर शरीर लहरींचा बराच भाग शोषून घेते. जास्त शक्तीने क्षितिज पुढे सरकत नाही. टप्प्याच्या आतला क्षीण आवाज गोंगाटातून वर काढायला ती उपयोगी पडते. म्हणून बंदरात किंवा जवळच्या नौकेशी बोलताना १ वॉट पुरतो, त्यात बॅटरी वाचते आणि पलीकडच्या लोकांच्या चॅनेलमध्ये घुसखोरीही होत नाही.

बटण, शांतता आणि खरखर : हातसंचात एका वेळी एकच काम होते. बोलण्याचे बटण दाबलेले असेपर्यंत संच बोलतो पण ऐकत नाही. त्या काळात कोणी मदतीसाठी ओरडत असले तरी ते कळत नाही. बटण दाबून अर्धा क्षण थांबावे व मग बोलावे, नाहीतर पहिला शब्द कापला जातो, आणि तो बहुधा समोरच्या नौकेचे नावच असतो. मायक्रोफोन तोंडापासून तीन-चार बोटे दूर व किंचित तिरका धरावा, वाऱ्याकडे पाठ करावी आणि नेहमीच्या आवाजात बोलावे. ओरडल्याने आवाज मोठा न होता फाटतो.

व्हीएचएफवर एफएम (आवाजानुसार लहरीची कंप्रता बदलण्याची) पद्धत वापरली जाते आणि तिचा एक स्वभाव ध्यानात ठेवण्याजोगा आहे. दोघे एकदम बोलू लागले की ग्राही जोरदार संदेश पकडतो व क्षीण संदेश जवळजवळ पूर्ण दाबून टाकतो. याचा फटका हातसंचालाच बसतो : शेजारचे २५ वॉटचे जहाज बोलत असताना हातसंचाचा आवाज कुणाला ऐकूही जात नाही, आणि आपण दाबले गेलो हे हातसंचावर बोलणाऱ्याला समजतही नाही. बोलण्याआधी काही क्षण ऐकण्याचा नियम यासाठीच आहे. सीटखाली किंवा पिशवीत संच दाबला जाऊन बटण अडकून बसणे हा याहून वाईट प्रकार. त्या नौकेवरच्या गप्पा व इंजिनाचा आवाज चॅनेलवर पसरतो आणि इतरांना ते चॅनेल निरुपयोगी होते. काही मिनिटे सलग प्रेषण झाल्यास आपोआप थांबणारी सोय बऱ्याच संचांत असते, तरी आपला संच बराच वेळ विचित्र गप्प वाटला तर आधी बटण तपासावे.

स्क्वेल्च हे नियंत्रण संदेश नसतानाची खरखर बंद ठेवते. ते पूर्ण उघडून खरखर ऐकावी, मग ती जेमतेम थांबेल इतकेच वर न्यावे. शांतता हवी म्हणून ते टोकाला नेणारे बरेच असतात. त्यांचा संच चालू असतो, दिवा लागलेला असतो आणि दूरची क्षीण हाक मात्र त्यांना कधीच ऐकू येत नाही.

चॅनेल : पट्ट्याची विभागणी क्रमांकित चॅनेलांत केलेली आहे. १६ क्रमांकाचे, १५६.८०० मेगॅहर्ट्‌झचे चॅनेल संकट, सुरक्षा व प्रथम हाक यांसाठी आहे. समुद्रावर असेपर्यंत संच त्यावर ऐकता ठेवायचा असतो. हाक मारून उत्तर मिळाले की दोघांनी कामाच्या चॅनेलवर निघून जायचे. ७० क्रमांकावर, म्हणजे १५६.५२५ मेगॅहर्ट्‌झवर, फक्त अंकीय निवडक हाक अर्थात डीएससी, म्हणजे आवाजाऐवजी अंकीय संकेतांनी दिलेली हाक, चालते. त्यावर तोंडाने बोलायला मनाई आहे. ६ क्रमांक नौकांमधील सुरक्षाविषयक बोलण्यासाठी व शोधकार्यासाठी, तर १३ क्रमांक नौकानयनाच्या सुरक्षेसाठी एका जहाजाच्या ब्रिजवरून (जहाज हाकण्याच्या कक्षातून) दुसऱ्याच्या ब्रिजशी बोलायला वापरतात. ‘ड्युअल वॉच’ ही सोय असेल तर कामाचे चॅनेल ऐकतानाही १६ वर कान ठेवता येतो.

काही चॅनेलांवर नौका व किनारी केंद्र वेगवेगळ्या कंप्रतांवर बोलतात आणि दोन्हींत ४.६ मेगॅहर्ट्‌झचे अंतर असते. अशा दुहेरी चॅनेलवर दोन नौका एकमेकींना ऐकू शकत नाहीत. संच बिघडला असे वाटते, पण चूक चॅनेलच्या निवडीची असते. अमेरिकेत यांपैकी काही चॅनेल एकेरी पद्धतीने, म्हणजे दोन्ही बाजूंना एकच कंप्रता ठेवून, वापरली जातात, त्यामुळे संचात आंतरराष्ट्रीय व अमेरिकी अशा वेगळ्या मांडण्या असतात. बटणांशी खेळताना मांडणी बदलली गेली तर १६ वर सगळे सुरळीत चालते आणि कामाच्या चॅनेलवर गेल्यावरच घोटाळा उघडा पडतो.

बोलण्याची रीत : आधी ज्याला हाक मारायची त्याचे नाव, मग ‘धिस इज’ आणि स्वतःचे नाव, असा क्रम असतो. ‘ओव्हर’ म्हणजे माझे बोलणे झाले, उत्तराची वाट पाहतो; ‘आउट’ म्हणजे संवाद संपला, उत्तर नको. त्यामुळे चित्रपटांनी रुजवलेले ‘ओव्हर अँड आउट’ अर्थाच्या दृष्टीने विसंगत आहे. ‘रॉजर’ म्हणजे संदेश मिळाला, एवढेच. त्यात होकार येत नाही. नावे ‘अल्फा, ब्राव्हो, चार्ली’ या वर्णमालेत फोडून सांगतात, आणि आकडे सुटे उच्चारतात, कारण खरखरीत ‘फिफ्टीन’ व ‘फिफ्टी’ यांतला फरक उरत नाही. वेगवेगळ्या भाषांच्या नाविकांसाठी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ मध्ये प्रमाणित इंग्रजी वाक्प्रयोग स्वीकारले. संच चालतो का हे पाहण्यासाठी १६ वर वारंवार विचारणा करणे टाळावे. कामाच्या चॅनेलवर ओळखीच्या नौकेला विचारणे बरे.

संकटसंदेश : जीव किंवा नौका यांना गंभीर व तातडीचा धोका असेल तरच ‘मेडे’ उच्चारतात. हा शब्द फ्रेंच ‘मेदे’वरून, म्हणजे ‘मला मदत करा’ या अर्थाच्या उद्गारावरून आला. लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावरील बिनतारी अधिकारी फ्रेडरिक मॉकफर्ड यांनी तो १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला सुचवला आणि १९२७ च्या वॉशिंग्टन परिषदेत त्याला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. तातडी आहे पण जीव लगेच धोक्यात नाही, उदाहरणार्थ इंजिन बंद पडून नौका वाहत चालली आहे, तेव्हा ‘पॅन-पॅन’. तरंगता ओंडका, विझलेला दिवा यांसारख्या सूचनेसाठी ‘सेक्युरिते’.

संदेशाचा क्रम घबराटीतही मोडू नये असा बेतलेला आहे. पाणी भरत चाललेल्या ‘सागरिका’ नावाच्या काल्पनिक होडीवरचा माणूस १६ वर पूर्ण शक्तीने असे बोलेल : “मेडे, मेडे, मेडे. धिस इज सागरिका, सागरिका, सागरिका. मेडे, सागरिका.” पुढे स्थान : “दीपगृहापासून १-२-० अंशांवर, ३ सागरी मैल.” मग काय झाले (“नौका बुडत आहे”), कोणती मदत हवी (“तातडीने बाहेर काढा”), किती माणसे (“एकूण ४”), उपयोगी पडेल ती अधिक माहिती (“सर्वांच्या अंगावर जीवरक्षक जाकिटे, आम्ही तराफ्यात उतरत आहोत”), आणि ‘ओव्हर’. स्थान इतके आधी येते ते उगाच नव्हे. पुढचा भाग तुटला तरी शोध कुठे घ्यायचा ते कळलेले असते. दिशा खुणेपासून आपल्याकडे मोजून सांगायची असते. आपल्याकडून खुणेकडची दिशा सांगितली तर शोधपथक नेमके उलट्या बाजूला जाते. बटण सोडून ऐकावे, उत्तर नसेल तर संदेश पुन्हा द्यावा.

दुसऱ्याची हाक ऐकणाऱ्याने आधी गप्प राहून किनारी केंद्राला उत्तराची संधी द्यावी. केंद्राचे उत्तर आले नाही तर आपण उत्तर द्यावे व ‘मेडे रिले’ म्हणून ती हाक पुढे पोचवावी. उंच अँटेनाची नौका हातसंचासाठी असा दुवा ठरू शकते. ‘सीलॉन्स मेडे’ (संकटसंदेशासाठी शांतता पाळा) ऐकू आले की संकटात नसलेल्यांनी ‘सीलॉन्स फीनी’ (शांतता संपली) होईपर्यंत त्या चॅनेलवर बोलायचे नाही.

डीएससी असलेल्या हातसंचात झाकणाखाली लाल बटण असते. ते काही सेकंद दाबून धरले की ७० वरून नौकेचा नऊ अंकी ओळखक्रमांक व उपग्रहांवरून मिळालेले स्थान आपोआप जाते, आणि पोच मिळेपर्यंत सुमारे चार-चार मिनिटांनी पुन्हा जात राहते. क्रमांक आधी भरलेला नसेल तर ही सोय निकामी असते. बटण चुकून दाबले गेल्यास संच बंद करून लपून बसू नये. १६ वर येऊन हाक रद्द केल्याचे स्पष्ट सांगावे, म्हणजे बचावनौका विनाकारण बाहेर पडत नाही.

टक्कर टाळण्यासाठी संचावर बोलून ठरवण्याचा मोह मात्र जपून आवरावा. ‘माझ्या उजवीकडच्या जहाजा’ अशी हाक रात्री तीन जहाजांना आपलीच वाटू शकते, आणि भलत्याशी झालेल्या समझोत्यावर वळलेली जहाजे एकमेकांवर आदळल्याचे प्रकार सागरी अपघातांच्या चौकशांत पुढे आले आहेत. मार्ग देण्याचे आंतरराष्ट्रीय नियम संचावरच्या बोलण्याने बदलत नाहीत.

जपणूक व धोके : आयपीएक्स-७ दर्जाचा संच १ मीटर पाण्यात ३० मिनिटे टिकतो, पण हा दर्जा नव्या संचाचा असतो; चार्जिंगच्या भोकावरचे रबरी बूच उघडे राहिले तर त्याला अर्थ उरत नाही. तरंगणारा संचही दोरीने अंगाला बांधावा, कारण वाऱ्यावर तो पोहणाऱ्यापेक्षा वेगाने दूर जातो. खाऱ्या पाण्याने भिजल्यावर गोड्या पाण्याने धुऊन बॅटरीचे संपर्कबिंदू कोरडे करावेत. बोलताना बॅटरी ऐकण्यापेक्षा कितीतरी पटींनी लवकर उतरते, आणि थंडीत तिची धारणशक्ती घटते. साध्या सेलचा जादा डबा जवळ असणे चांगले, मात्र त्यावर बऱ्याच संचांची शक्ती कमी होते.

अँटेना काढून प्रेषण केल्यास शक्ती परत फिरून प्रेषकातील अखेरचा शक्तिवर्धक भाग जळू शकतो. स्पीकरच्या चुंबकामुळे होकायंत्राची सुई ढळते, म्हणून संच त्याच्याजवळ ठेवू नये. इंधनाच्या वाफा असलेल्या जागी, विशेषतः तेलवाहू जहाजांवर, ठिणगीपासून सुरक्षित म्हणून प्रमाणित केलेलेच संच चालतात. बहुतेक देशांत संचासाठी परवाना आणि चालवणाऱ्यासाठी प्रमाणपत्र लागते. जीव धोक्यात असताना मात्र प्रमाणपत्र नसलेल्यानेही मदत मागावी.

१९९२ ते १९९९ या काळात टप्प्याटप्प्याने लागू झालेल्या जागतिक सागरी संकट व सुरक्षा व्यवस्थेनुसार ३०० ते ५०० टनभाराच्या मालवाहू जहाजांवर जीवननौकांसाठी किमान २ आणि त्याहून मोठ्या मालवाहू जहाजांवर व प्रवासी जहाजांवर किमान ३ हातसंच ठेवावे लागतात. हे संच कठीण पृष्ठभागावर १ मीटरवरून पडूनही चालले पाहिजेत, हातमोजे घातलेल्या हाताने वापरता आले पाहिजेत, आणि एक भाग बोलणे व नऊ भाग ऐकणे या हिशेबाने त्यांची प्राथमिक बॅटरी ८ तास पुरली पाहिजे. ही बॅटरी पुन्हा चार्ज होत नाही. म्हणून सरावासाठी वेगळी बॅटरी लावतात आणि मूळ बॅटरीचे सील न तोडता ती मुदत संपेपर्यंत तशीच ठेवतात.