फिट खरी असते, मग गोळ्या का लागू पडत नाहीत?

सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत एमपीएससीची तयारी करणारी एखादी मुलगी अचानक कोसळते. हातपाय झाडते, मान सारखी डावी-उजवीकडे हलते, डोळे घट्ट मिटलेले. कुणी कांदा आणायला धावतं, कुणी चप्पल हुंगवतं. मग मिरगीच्या गोळ्या सुरू होतात. फिट काही थांबत नाहीत आणि घरात कुजबुज सुरू होते, 'परीक्षा आली की हिची नाटकं!'

नाटक नसतं ते. ताण झेपेनासा झाला की जाणीव, आठवण आणि शरीरावरचा ताबा यांचा मेळ काही काळ सुटतो. याला डिसोसिएशन म्हणतात. फ्रान्सचे मानसशास्त्रज्ञ पिएर जाने यांनी १८८९ मध्येच ते मांडलं होतं. कुणाला आयुष्यातला एखादा काळच आठवत नाही, कुणाला आपण स्वतःकडे बाहेरून बघतोय असं वाटतं. सिनेमातली 'अनेक व्यक्तिमत्त्वं' हा यातला फक्त एक प्रकार.

निदानासाठी फिट कशी दिसते हे फार महत्त्वाचं. मिरगीत डोळे बहुधा उघडे असतात आणि झटका एक-दोन मिनिटांत ओसरतो. डिसोसिएशनमुळे येणाऱ्या, म्हणजे डिसोसिएटिव्ह फिटमध्ये डोळे बहुतेकदा मिटलेले असतात आणि ती जास्त वेळ चालू शकते. म्हणून मोबाइलवर व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवा. एरवी काढलेला ईईजी (मेंदूतल्या विद्युतलहरींचा आलेख) नॉर्मल आला म्हणून मिरगी नाही, असं ठरत नाही. फिट चालू असतानाचा व्हिडिओ-ईईजी सर्वात भरवशाचा. काहींना दोन्ही आजार असतात, तेव्हा गोळ्या मनानं बंद करू नका. पण निदान चुकलं तर नुकसान मोठं: मिरगीवरच्या व्हॅल्प्रोएटसारख्या गोळीमुळे गर्भात व्यंग येऊ शकतं.

डिसोसिएशनवर खास असं औषध नाही. मुख्य उपचार बोलण्याचा. 'तुझी फिट खरी आहे, पण ती मिरगी नाही', हे डॉक्टरांनी नीट समजावलं तरी काहींच्या फिट कमी होतात. पुढे फिटची चाहूल ओळखायला शिकवतात: पाय जमिनीवर दाबायचे, समोरच्या वस्तूंची नावं घ्यायची, लक्ष आत्ताच्या क्षणात आणायचं. जुना आघात असेल तर तो सावकाश, माणूस सावरल्यावरच उकलायचा. आघात प्रत्येकाच्या बाबतीत असतोच असं नाही, त्यामुळे नातेवाइकांनी खोदून विचारू नये.

पुण्याच्या ससून रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. आधी नुसतं बोलायचं असेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास मोफत चालू असतो, मराठीतही.