प्रेशर किती, आणि कशापेक्षा?

जुलैतली गोष्ट. बेळगावच्या टिळकवाडीतले आमचे शेजारी काका सकाळी सकाळी मोबाइल घेऊन दारात उभे. टीव्हीवर 'बंगालच्या उपसागरात लो प्रेशर' चाललेलं आणि त्यांच्या फोनवर हवेचा दाब दाखवणारं नवं ॲप. आकडा होता 924. "1999 साली ओडिशाला महाचक्रीवादळ आलं तेव्हा 912 होतं म्हणे. आपलं 924 आलंय की! पत्रे बांधून ठेवू काय?"

पत्रे बांधायची गरज नव्हती, पण शंका मात्र फर्स्टक्लास होती.

हवेचा दाब म्हणजे आपल्या डोक्यावरच्या हवेचं वजन. समुद्रकाठी तो सरासरी 1013 मिलिबार असतो (मिलिबार हे दाब मोजायचं माप). वर चढत गेलं की डोक्यावरची हवा कमी होते आणि दर साडेआठ-नऊ मीटरला एकेक मिलिबार उतरतो. बेळगाव साधारण 750 मीटर उंचीवर आहे. म्हणजे आपल्याकडे 924 हा रोजचाच आकडा, ऊन असो की पाऊस. ओडिशाचे 912 मोजले होते समुद्रसपाटीचे. हवामान खातं नकाशा काढताना सगळ्या गावांचे आकडे आधी समुद्रसपाटीवर आणून घेतं, नाहीतर बेळगावावर बारमाही चक्रीवादळ दिसलं असतं.

आपल्या भागात मराठीत दाब, कन्नडात ओत्तड, पण तोंडात दोन्हीकडे प्रेशरच. नळाला प्रेशर नाही, आजीला प्रेशर आहे, टायरमध्ये प्रेशर बघ, साहेबांचं प्रेशर आहे. (शेवटचं मोजायचं यंत्र अजून निघालेलं नाही.) टायरवाल्याचा 'पीएसआय' म्हणजे चौरस इंचाला किती पौंड. पोलीस ठाण्यातल्या पीएसआयचा इथं संबंध नाही, प्रेशर दोघांचंही असलं तरी. पण यातला कुठलाही आकडा एकटा मुका असतो. 'कशापेक्षा किती' हे कळल्याशिवाय तो काही सांगत नाही.

याचं माझं लाडकं उदाहरण कुकरचं. डाळ आत दाबली जाते म्हणून शिजते, असं बरेच जण समजतात. दाण्यावर दाब सगळीकडून सारखाच येतो, त्यानं तो चेपत नाही. डाळ शिजवते ती उष्णता. पाण्याच्या वाफेचा दाब वरच्या हवेच्या दाबाइतका झाला की पाणी उकळतं. बेळगावात वरची हवाच हलकी, म्हणून उघड्या पातेल्यात पाणी 97.5 अंशांच्या आसपासच उकळतं. पुढे गॅस कितीही मोठा करा, तापमान हलत नाही, नुसतं पाणी आटतं.

आता शिट्टी हातात घेऊन बघा. तिच्याखालच्या नळीचं भोक समजा 3 मिलिमीटर व्यासाचं आहे. त्याचं क्षेत्रफळ साधारण 0.07 चौरस सेंटीमीटर. शिट्टीचं वजन 70 ग्रॅम धरू. 70 ला 0.07 नं भागलं की 1000 ग्रॅम, म्हणजे चौरस सेंटीमीटरला 1 किलो. एवढा जोर आला की वाफ शिट्टी उचलते. पण शिट्टीवर वरून बाहेरची हवाही बसलेली असते, तीही उचलावी लागते! म्हणून आतला एकूण दाब म्हणजे 1 किलो अधिक त्या गावची हवा. पणजीत हवा 1.03 किलोची, म्हणून तो 2.03 होतो; बेळगावात 0.94 ची, म्हणून 1.94. तिथं कुकरातलं पाणी 120 अंशांवर जातं, इथं साधारण 118.5 वर. उघड्या पातेल्यात अडीच अंशांचा तोटा होता, तो कुकरात दीडवर आला.

दहा अंश वाढले की शिजण्यासारख्या क्रिया साधारण दुप्पट वेगानं होतात, हा ढोबळ नियम. वीस अंशांना चौपट. आणि पहिल्या शिट्टीनंतर तापमान आणखी चढत नाही. मग गॅस बारीक करून मिनिटं मोजावीत. हे मी घरी सांगून बघितलं. आई अजून पाच शिट्ट्याच मोजते.

1679 साली लंडनमध्ये डेनिस पापँ या फ्रेंच माणसानं हाडं मऊ करणारं असलं बंद भांडं दाखवलं. ते फुटू नये म्हणून झडपेवर वजन ठेवायची युक्तीही त्याचीच.

उद्यमबागेतल्या कारखान्यांत हायड्रॉलिक प्रेसवर 200 बार (एक बार म्हणजे 1000 मिलिबार) दाब असतो, तिथं बाहेरच्या एका बारला कोण विचारतो? रक्तदाबाचं तसं नाही. 120 म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा 120 मिलिमीटर पारा जास्त. बाहेरची हवा पणजीत 760 च्या आसपास, आपल्याकडे 695. बीपी एकूण दाबात मोजला असता तर चोर्ला घाट उतरणाऱ्या प्रत्येकाला साठ-पासष्टनं वाढलेला सापडला असता. जत्रेत प्रेशर उतरवणारं चुंबकाचं कडं विकायला येतं. मी विक्रेत्याला विचारलं, "कशापेक्षा उतरतं?" तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

पुढच्या आठवड्यात काका लेकीकडे पणजीला गेले. घाटात कानाला दडे बसले, जांभई दिल्यावर सुटले. संध्याकाळी त्यांनी दोन फोटो पाठवले. एकात ॲपवर 1005. दुसऱ्यात बेळगावात झाकण घट्ट लावलेली रिकामी प्लास्टिकची बाटली, दोन्ही बाजूंनी आत गेलेली. खाली लिहिलं होतं, "कुणी बसलं नव्हतं हिच्यावर. बॅगेत वरच ठेवली होती."