बरोबर नंबरचा चुकीचा करडा

लढाऊ जेटचं मॉडेल रंगवायला बसलेला माणूस आधी शोधतो तो रंगाचा नंबर. अमेरिकी विमानांचे नंबर मुळात 'फेडरल स्टँडर्ड ५९५' या सरकारी रंगसंग्रहातले. हा संग्रह १९५६ साली पहिल्यांदा निघाला आणि २०१७ साली रद्द झाला, नंबर मात्र तेच चालतात. पाच आकड्यांपैकी पहिला चकाकी सांगतो: १ चकचकीत, २ अर्धवट चकचकीत, ३ मॅट, म्हणजे बिनचमकीचा. दुसऱ्यावरून रंगाचं कूळ कळतं: ४ हिरवा, ५ निळा, ६ करडा. उरलेले तीन साधारणपणे गडदाकडून फिक्याकडे वाढत जातात. एफ-१६ या अमेरिकी लढाऊ जेटचं ओळखीचं रूप म्हणजे पाठीवर गडद ३६११८, नाकाकडे आणि शेपटीवर मध्यम ३६२७०, पोटाला फिका ३६३७५. ब्रिटिश विमानांचा हिशेब 'बीएस ३८१सी' या वेगळ्या संग्रहातून चालतो.

हे नंबर तंतोतंत पाळून रंगवलेलं मॉडेल कपाटात ठेवलं की अनेकदा खऱ्या विमानापेक्षा काळपट आणि जड दिसतं. मॉडेलवाल्यांमध्ये यावर एक ठरलेला उपाय आहे: रंगात पांढरा मिसळायचा, १/७२ प्रमाणासाठी (म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शाएवढ्या मॉडेलसाठी) १५ टक्क्यांच्या आसपास, १/४८साठी थोडा कमी. त्यामागचं ठरलेलं कारण असं सांगतात की आपण खरं विमान लांबून पाहतो, मधली हवा प्रकाश विखुरते आणि दूरच्या डोंगरांसारखं विमानही फिकं दिसतं.

उपाय चालतो, पण कारण मात्र गणितात टिकत नाही. १/७२चं मॉडेल अर्ध्या मीटरवरून पाहणं म्हणजे खरं विमान ३६ मीटरवरून पाहणं. स्वच्छ दिवशी, २० किलोमीटरपर्यंत दिसत असताना, ३६ मीटर हवा क्षितिजाच्या उजेडाच्या एक टक्काही उजेड मध्ये घालत नाही. एवढ्यासाठी १५ टक्के पांढरा ओतायची गरज नाही.

खरा फरक उजेडात आहे. भर दुपारच्या उन्हात जमिनीवर एक लाख लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आसपास प्रकाश पडतो; घरातल्या दिव्याखाली तो काहीशे लक्स असतो. डोळा या फरकाशी जुळवून घेतो, पण पूर्णपणे नाही. उजेड वाढला की तोच रंग अधिक रसरशीत भासतो, हे ब्रिटिश रंगशास्त्रज्ञ आर. डब्ल्यू. जी. हंट यांनी १९५२ साली दाखवलं आणि परिणामाला त्यांचंच नाव पडलं. कमी उजेडात उलट घडतं: रंग मंदावतात, करडे काळवंडतात. त्यात क्षेत्रफळाची भर पडते. एकच रंग मोठ्या पृष्ठभागावर जास्त उजळ दिसतो आणि छोट्या तुकड्यावर गडद. धावपट्टीवरच्या पंधरा मीटर लांब विमानाचा करडा आणि वीतभर मॉडेलचा करडा, नंबर एक असूनही, डोळ्याला वेगळे लागतात ते यामुळे.

म्हणून पांढऱ्याची टक्केवारी पाठ करण्यात फारसा अर्थ नाही, असं माझं मत आहे. मॉडेल जिथे मांडायचं त्याच दिव्याखाली रंगाचा नमुना पाहून प्रमाण ठरवावं. दिवा बदलला की जुळणीही बिघडू शकते. वेगवेगळ्या रंगद्रव्यांनी बनवलेले दोन करडे दिवसाच्या प्रकाशात हुबेहूब जुळतील आणि पिवळ्या बल्बखाली एक हिरवट, दुसरा जांभळट दिसेल.

शिवाय नंबर सांगतो तो रंग ताजा असतानाचा. व्हिएतनाम युद्धातल्या अमेरिकी हवाई दलाच्या फँटम विमानांवर ३४०७९ आणि ३४१०२ हे दोन हिरवे, ३०२१९ हा मातकट आणि पोटाला ३६६२२ करडा असे. तिथल्या उन्हापावसात हे मॅट रंग उडत, आणि दुरुस्तीनंतर एखाद्याच पॅनेलवर ताज्या रंगाचा गडद चौकोन उठून दिसे. छायाचित्रांवरही डोळे मिटून विसंबता येत नाही. जुन्या रंगीत फिल्ममधली द्रव्यं सारख्या वेगाने फिकी होत नाहीत, त्यामुळे अख्खं चित्र एका बाजूला झुकतं. अशा वेळी चित्रातलं हमखास पांढरं काहीतरी शोधावं आणि बाकीचे रंग त्याच्या तुलनेत वाचावेत.

रंगाचा थरही मॉडेलच्या प्रमाणात पातळ असायला हवा, पण तो कधीच नसतो. एअरब्रशने, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या पेनाने, दुधाइतका पातळ करून मारलेला थर २० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) धरला, तरी १/७२मध्ये तो खऱ्या विमानावरच्या जवळजवळ दीड मिलिमीटरच्या लेपाएवढा होतो. धातूच्या रंगात हे फार जाणवतं. ३० मायक्रॉनचा ॲल्युमिनियमचा कण म्हणजे प्रमाणात दोन मिलिमीटरची चकती, म्हणून भरड कणांचा चंदेरी रंग लखलखतो आणि विमान खेळण्यासारखं दिसतं. बारीक कणांचे रंग घ्यावेत, विषय तिथेच संपतो.

तापलेल्या धातूची गोष्ट जास्त रंजक आहे. एफ-१०० सुपर सेबर या अमेरिकी लढाऊ जेटच्या शेपटाकडच्या उघड्या भागावर निळे-जांभळे-तपकिरी पट्टे दिसतात. तिथे रंग कुणी दिलेला नसतो. उष्णतेने धातूवर ऑक्साइडचा अतिशय पातळ पारदर्शक थर चढतो. त्याच्या वरून आणि खालून परतणाऱ्या प्रकाशलहरी एकमेकींत मिसळतात आणि थराच्या जाडीनुसार काही रंग मावळतात, काही उठतात. थर वाढत जाताना आधी गवती पिवळा येतो, मग तपकिरी-जांभळा, मग निळा. मॉडेलवर पारदर्शक रंग फवारताना हा क्रम पाळावा. उलटापालट केली तर जाणकाराला लगेच कळतं.

आता डिकल. पाण्यात भिजवल्यावर कागदावरचा डिंक विरघळतो आणि चिन्ह छापलेला पातळ पापुद्रा सरकवता येतो. हा पापुद्रा मॅट रंगावर बसवला की कडेने रुपेरी धुकं उमटतं. मॅट पृष्ठभाग सूक्ष्मदर्शकाखाली खडबडीत असतो, पापुद्र्याखाली हवेचे कप्पे अडकतात. पापुद्र्यातून हवेत आणि हवेतून रंगात, अशा प्रत्येक सीमेवर सुमारे चार टक्के प्रकाश परत फिरतो आणि तोच चंदेरी दिसतो. म्हणून आधी चकचकीत वॉर्निशचा गुळगुळीत थर, मग डिकल, मग पापुद्रा मऊ करणारं द्रावण. ते लावल्यावर डिकल थोडा सुरकुततो. घाबरून हात लावू नये, वाळताना तो मॉडेलवरच्या पत्र्यांच्या जोडरेषांत बसतो.

चिन्हं कोणती लावायची, हे तारखेवर ठरतं. अमेरिकी हवाई दलाच्या विमानाच्या शेपटीवरच्या नंबरातले सुरुवातीचे दोन आकडे विमान कोणत्या आर्थिक वर्षात मागवलं ते सांगतात, तर दोन अक्षरी संकेत तळाचा किंवा तुकडीचा असतो. तळ बदलला की अक्षरं बदलतात, नंबर तोच राहतो. राहता राहिल्या विमानाच्या अंगावर छापलेल्या सूचनांच्या बारीक ओळी. खऱ्या विमानावरचं एक इंच उंचीचं अक्षर १/७२मध्ये ०.३५ मिलिमीटर होतं. तीस सेंटिमीटरवरून निरोगी डोळ्याला वाचायला ०.४४ मिलिमीटर लागतं. वाचता येतील अशा टपोऱ्या सूचना छापल्या असतील तर त्या प्रमाणाबाहेरच्या आहेत.

शेवटच्या मॅट वॉर्निशने सगळं पुन्हा हलतं. खडबडीत पृष्ठभाग दिव्याचा पांढरा प्रकाश सगळीकडे विखुरतो, त्यामुळे गडद रंग एक पायरी फिके होतात. तेव्हा पांढऱ्याचं प्रमाण ठरवताना नमुन्याच्या तुकड्यावरही तेच वॉर्निश मारून, वाळवून, मगच पाहावं.