वजनात न मावणारी धूळ

१९९०च्या दशकाच्या उंबरठ्यावर अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठात उंदरांना बारा आठवडे एका पांढऱ्या भुकटीची धूळ असलेल्या हवेत ठेवले गेले. ही भुकटी टायटॅनियम डायऑक्साइडची. रंग, कागद, टूथपेस्ट, औषधी गोळ्यांचे आवरण अशा असंख्य ठिकाणी ती वापरली जाते. धुळीचा अभ्यास करणारे तिला इतकी निरुपद्रवी मानत, की घातक धुळींशी तुलना करायला तिचाच उपयोग करत. या प्रयोगात तिचे दोन नमुने होते. एकातले कण साधारण २५० नॅनोमीटरचे, दुसऱ्यातले जेमतेम २० नॅनोमीटरचे. (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग.) रसायन एकच, हवेतले वजनही जवळपास सारखे. तरी बारीक कणांनी फुफ्फुसात कितीतरी जास्त दाह निर्माण केला, आणि त्यांना शरीराबाहेर पडायलाही जास्त वेळ लागला. ग्युंटर ओबरडॉर्स्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मग हाच परिणाम वजनाऐवजी कणांच्या एकूण पृष्ठफळाशी ताडून पाहिला. तेव्हा दोन्ही नमुन्यांचे बिंदू एकाच रेषेवर येऊन बसले.

नॅनोपदार्थांचा इतिहास सांगताना बहुतेक जण भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांच्या, अणूंच्या पातळीवर वस्तू घडवण्याची कल्पना मांडणाऱ्या १९५९च्या व्याख्यानापासून सुरुवात करतात. तंत्रज्ञानाच्या इतिहासासाठी ते ठीक आहे. सुरक्षिततेच्या प्रश्नाचे माहेर मात्र वेगळे आहे, असे मला ठामपणे वाटते. तो प्रश्न खाणींच्या, कारखान्यांच्या आणि धुराने कोंदलेल्या शहरांच्या अभ्यासातून आला. तिथे धूळ मोजायची रीत ठरलेली होती: एक घनमीटर हवा घ्या, गाळणीतून ओढा, गाळणीवर साचलेले वजन करा. मर्यादा मिलिग्रॅममध्ये, कायदा मिलिग्रॅममध्ये.

या रीतीत अतिबारीक कण जवळपास अदृश्य राहतात. एक सेंटिमीटर बाजूचा घन घेतला, तर त्याचे पृष्ठफळ सहा चौरस सेंटिमीटर भरते. तोच घन एक नॅनोमीटरच्या तुकड्यांत कापला, तर वजन तेच राहते, पण पृष्ठफळ होते ६,००० चौरस मीटर. पेशींशी रासायनिक देवाणघेवाण होते ती पृष्ठभागावर. म्हणजे तराजूचा काटा जागचा न हलता पदार्थाचे शरीराशी असलेले नाते बदलून जाते.

दुसरा धडा ॲस्बेस्टॉसने दिला, आणि तो फार महागात पडला. १९६० साली वॅग्नर, स्लेग्ज आणि मार्चंड यांनी दक्षिण आफ्रिकेच्या केप प्रांतातल्या ॲस्बेस्टॉसच्या खाणपट्ट्यातून मेसोथेलिओमाचे ३३ रुग्ण नोंदवले. मेसोथेलिओमा म्हणजे फुफ्फुसाभोवतीच्या पातळ आवरणाचा कर्करोग. संपर्क आणि आजार यांच्यात तीस-चाळीस वर्षे जाऊ शकतात, त्यामुळे धोका कळेपर्यंत पुढच्या पिढीच्या छातीतही तंतू गेलेले असतात. पुढे १९७०च्या दशकात मर्ल स्टॅन्टन यांच्या प्रयोगांतून दिसले, की अशा तंतूंचा घातकपणा त्यांच्या रसायनापेक्षा लांबी-जाडीवर जास्त अवलंबून असतो. फुफ्फुसातल्या भक्षकपेशी आत आलेली धूळ गिळून साफ करतात. पण पेशीपेक्षा लांब, ताठ आणि न विरघळणारा तंतू त्यांना पूर्ण गिळता येत नाही. अर्धवट गिळलेल्या तंतूपाशी पेशी दाहकारक रसायने ओतत राहते, वर्षानुवर्षे.

पृष्ठफळ आणि आकार, या दोन गोष्टी नॅनो हा शब्द बाजारात यायच्या आधीच माहीत होत्या. पदार्थही सगळे नवे नव्हते. टायरमधला कार्बन ब्लॅक आणि ज्वाळेत तयार केलेली बारीक सिलिका कित्येक दशके टनांनी बनत होती. नवा होता तो वेग. १९८५ मध्ये साठ कार्बन अणूंचा फुलेरीन सापडला, १९९१ मध्ये सुमिओ इजिमा यांनी कार्बन नॅनोट्यूबचे, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म पोकळ नळ्यांचे, वर्णन केले, आणि २००० साली अमेरिकेने राष्ट्रीय नॅनोतंत्रज्ञान उपक्रम जाहीर केला. नॅनोट्यूबची सूक्ष्मदर्शकातली छायाचित्रे पाहून धूळविज्ञानातल्या लोकांच्या मनात काय आले असेल, हे वेगळे सांगायला नको: लांब, बारीक, सहजासहजी न विरघळणारे तंतू.

२००३ मध्ये ईटीसी ग्रुप या संघटनेने अशा पदार्थांच्या उत्पादनाला स्थगिती मागितली. त्याच वर्षी ब्रिटिश सरकारने रॉयल सोसायटी आणि रॉयल अकॅडमी ऑफ इंजिनीअरिंग यांना अभ्यास सोपवला. जुलै २००४च्या त्यांच्या अहवालाने सरसकट बंदी मागितली नाही. पण सुटे नॅनोकण आणि नॅनोट्यूब यांना नवीन रसायने समजून तपासा, अधिक माहिती मिळेपर्यंत ते पर्यावरणात सोडणे शक्य तितके टाळा, अशी स्पष्ट शिफारस केली. सोने असो की चांदी, मोठ्या तुकड्याची सुरक्षितता बारीक कणाला आपोआप लागू होत नाही, हे अधिकृत कागदावर इतक्या ठळकपणे आले, याचे श्रेय या अहवालाला द्यायला हवे.

पुढची काही वर्षे गोंधळाची होती, आणि या पार्श्वभूमीत मला ती सर्वांत महत्त्वाची वाटतात. २००४ मध्ये ईव्हा ओबरडॉर्स्टर यांचा शोधनिबंध आला: फुलेरीनच्या पाण्यात ४८ तास ठेवलेल्या बास माशांच्या मेंदूत ऑक्सिडेशनमुळे इजा झाल्याची चिन्हे. बातमी जगभर गेली. २००७ मध्ये झेब्राफिशवरच्या कामातून दिसले, की फुलेरीन पाण्यात मिसळण्यासाठी वापरलेल्या टेट्राहायड्रोफ्युरान या द्रावकाचे अवशेष आणि त्यापासून बनलेले पदार्थ अशा परिणामांना कारण असू शकतात. त्याआधी, मार्च २००६ मध्ये, जर्मनीत ‘मॅजिक नॅनो’ नावाच्या फवाऱ्याने सुमारे शंभर जणांना श्वासाचा त्रास झाला, काहींच्या फुफ्फुसात पाणी भरले. तपासात त्या फवाऱ्यात नॅनोकण आढळलेच नाहीत. नाव फक्त डब्यावर होते. २००९ मध्ये चीनमधल्या सात कामगार स्त्रियांच्या फुफ्फुसविकाराची नोंद प्रसिद्ध झाली, त्यांतल्या दोघी दगावल्या. त्यांच्या फुफ्फुसांत नॅनोकण सापडले, पण काम बंदिस्त, हवा न खेळणाऱ्या खोलीत चालले होते आणि तिथे इतर रसायनांची वाफही होती. दोष नेमका कशाचा, यावर तज्ज्ञांचे एकमत झाले नाही. दोन बायका कामावर जाऊन जिवाला मुकल्या. कारण नॅनोकण ठरो वा न ठरो, त्या खोलीत हवा खेळती हवी होती.

या घटनांनी शिस्त आणली, असे मी मानतो. चाचणी करताना द्रावक वेगळा तपासायचा, कणाचा आकार, लेप, गुठळ्या, पृष्ठभागावरचा विद्युतभार हे सगळे नोंदवायचे, याचा आग्रह वाढला. २००५ मध्ये आंतरराष्ट्रीय मानके ठरवणाऱ्या आयएसओने नॅनोतंत्रज्ञानासाठी स्वतंत्र समिती नेमली, २००६ मध्ये ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या संघटनेने कार्यगट उभारला आणि निवडक नॅनोपदार्थांच्या चाचण्या सदस्य देशांनी वाटून घेतल्या.

२००८ मध्ये एडिंबरोतल्या केन डोनाल्डसन यांच्या गटाने उंदरांच्या उदरपोकळीत नॅनोट्यूब सोडून पाहिल्या. लांब आणि सरळ नळ्यांनी ॲस्बेस्टॉससारखाच दाह आणि गाठी निर्माण केल्या. आखूड, गुंतलेल्या नळ्यांनी तसे केले नाही. म्हणजे ‘नॅनोट्यूब घातक आहेत का’ हा प्रश्नच अपुरा होता. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने एका विशिष्ट ताठ प्रकाराला, एमडब्ल्यूसीएनटी-७ला, माणसात कर्करोग घडवण्याची शक्यता असलेल्या २बी गटात टाकले. बाकीच्या नळ्यांबद्दल पुरावा अपुरा असल्याने त्यांचे वर्गीकरण केले नाही.

पर्यावरणाच्या बाजूने चांदीने नवा पेच आणला. जंतू मारतात म्हणून चांदीचे नॅनोकण मोज्यांत, कपड्यांत आले, आणि धुताना चांदी पाण्यात उतरते हे २००८च्या सुमारास मोजले गेले. ती सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात पोचते, तिथल्या गंधकाशी जुळते आणि बरीचशी सिल्व्हर सल्फाइड होते, जे पाण्यात फारच कमी विरघळते आणि म्हणून कमी विषारी असते. कारखान्यातून निघालेला कण आणि नदीपर्यंत पोचलेला कण एक राहत नाही. शरीरातही तसेच घडते: रक्तात शिरताच कणावर प्रथिनांचा थर चढतो आणि पेशींना भेटतो तो हा नवा चेहरा.

नियमांना या सगळ्याशी जुळवून घ्यावे लागले. युरोपीय आयोगाने २०११ मध्ये व्याख्या सुचवली ती संख्येवर: निम्मे किंवा त्याहून जास्त कण १ ते १०० नॅनोमीटरमध्ये असतील तर तो नॅनोपदार्थ. जुलै २०१३ पासून तिथल्या प्रसाधनांच्या घटकयादीत ‘नॅनो’ लिहिणे सक्तीचे झाले. कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या अमेरिकेच्या निऑश या संस्थेने २०११ मध्ये टायटॅनियम डायऑक्साइडसाठी दोन वेगळ्या मर्यादा शिफारस केल्या: साध्या बारीक धुळीला घनमीटरमागे २.४ मिलिग्रॅम, अतिबारीक कणांना ०.३. एकाच रसायनाला आठपट कडक मर्यादा, फक्त आकारासाठी. २०१३ मध्ये याच संस्थेने नॅनोट्यूबसाठी घनमीटरमागे एक मायक्रोग्रॅम ही मर्यादा सुचवली. एवढ्यावर कामगार पूर्ण सुरक्षित आहेत, असा तिचा दावा नव्हता. उपलब्ध पद्धतीने त्याहून कमी खात्रीने मोजता येत नव्हते.

पांढरी भुकटी मात्र अजून वादात आहे. खाद्यपदार्थांत ई१७१ या क्रमांकाने मिसळली जाणारी ही भुकटी डीएनएला इजा करत नाही असे म्हणता येत नाही, आणि म्हणून सुरक्षित मात्राही ठरवता येत नाही, असे युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२१ मध्ये सांगितले. २०२२ मध्ये तिथे खाद्यपदार्थांत तिच्यावर बंदी आली. श्वासातून गेल्यास कर्करोगाचा संशय असलेला पदार्थ, हे तिचे वर्गीकरण मात्र त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये युरोपीय संघाच्या जनरल कोर्टाने रद्द केले. तज्ज्ञ समितीने उंदरांच्या फुफ्फुसात किती धूळ साचली याचे गणित करताना सुट्या कणाची घनता धरली होती. प्रत्यक्षात कण एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात, गुठळ्यांत पोकळी असते, म्हणून तेवढ्याच वजनात त्या जास्त जागा व्यापतात. ही गोष्ट हिशेबात आली नाही, असे न्यायालय म्हणाले, आणि २०२५ मध्ये वरच्या न्यायालयानेही वर्गीकरण रद्दच ठेवले.