अमली पदार्थांच्या गुन्ह्यात जामीन मिळतच नाही का?

‘अमली पदार्थांच्या गुन्ह्यात जामीन नाहीच आणि अटकेचे कारणही सांगावे लागत नाही,’ असा संदेश नागपुरात वर्षानुवर्षे फिरतो. हे खरे नाही. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी (एनडीपीएस) कायद्यातील कलम ३७ च्या जामिनाबाबतच्या कडक अटी व्यावसायिक प्रमाणाला, म्हणजे कायद्याने प्रत्येक पदार्थासाठी ठरवलेल्या मोठ्या साठ्याला, आणि काही ठरावीक कलमांनाच लागू होतात. गांजाच्या बाबतीत हे प्रमाण २० किलोच्या वर सुरू होते, आणि तिथेही आरोपी दोषी नसल्याचे मानण्यास वाजवी आधार आहे व तो जामिनावर असताना गुन्हा करणार नाही, अशी न्यायालयाची खात्री पटल्यास जामीन मिळू शकतो. अटकेचे कारण कळण्याचा हक्क तर संविधानाच्या अनुच्छेद २२ ने दिला असून याच कायद्याचे कलम ५२ तो पुन्हा सांगते. घाबरलेल्या घरच्यांनी आधी जप्ती पंचनाम्यातील वजन आणि एफआयआरमधील कलमे वकिलाला दाखवावीत, आणि अटकेची कारणे लेखी मिळाली का, हे विचारावे.